गोलरक्षक निवडण्यापूर्वी

आपल्या क्लबाने येत्या हंगामासाठी कोणता गोलरक्षक घ्यावा, हा फुटबॉलच्या चाहत्यांमध्ये दरवर्षी रंगणारा वाद वरवर पाहता करमणुकीचा वाटत असला, तरी क्रीडाशिक्षक, तालुका व जिल्हा पातळीवरचे प्रशिक्षक आणि निवड समित्यांचे सदस्य यांनी तो गांभीर्याने ऐकावा असा आहे. चाहते ज्या निकषांवर एखाद्या गोलरक्षकाला डोक्यावर घेतात किंवा नाकारतात, जवळजवळ त्याच निकषांवर मराठवाड्यातील शालेय आणि जिल्हा संघांचे गोलरक्षकही निवडले जातात. फरक एवढाच की चाहत्यांची चूक क्लबाच्या तिजोरीवर पडते आणि निवड समितीची चूक चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाच्या किंवा मुलीच्या खेळावर.

या निकषांचे स्वरूप समजून घेण्यासाठी गोव्यातील एका गोलरक्षकाची कारकीर्द उपयोगी पडते. 20 डिसेंबर 2015 रोजी मडगावच्या फातोर्डा मैदानावर इंडियन सुपर लीगचा अंतिम सामना झाला आणि त्यात एफसी गोवा संघ शेवटच्या काही मिनिटांपर्यंत चेन्नईयिन संघावर 2-1 असा पुढे होता. तेथून 90व्या मिनिटाला गोलरक्षक लक्ष्मीकांत कट्टीमनी याच्या नावावर स्वयंगोल नोंदला गेला, पाठोपाठ भरपाई वेळेत चेन्नईयिनने आणखी एक गोल केला आणि चषक गेला. त्याच मैदानावर 20 मार्च 2022 रोजी झालेल्या अंतिम सामन्यात हैदराबाद एफसीकडून खेळणाऱ्या याच कट्टीमनीने केरळ ब्लास्टर्सविरुद्धच्या पेनल्टी शूटआउटमध्ये तीन फटके अडवले आणि हैदराबादला पहिले विजेतेपद मिळवून दिले. मधल्या सहा वर्षांत त्याच्यात काही सुधारणा निश्चितच झाली असेल. परंतु 2015चा कट्टीमनी अयोग्य आणि 2022चा कट्टीमनी थोर असा जो निवाडा स्मरणशक्ती करते, तो दोन सामन्यांतील मोजक्या मिनिटांवर आधारलेला आहे आणि कोणत्याही खेळाडूची पारख इतक्या तुटपुंज्या पुराव्यावर होऊ शकत नाही. बाकीच्या दहा खेळाडूंच्या चुका मैदानात विरून जातात, गोलरक्षकाची चूक मात्र गुणफलकावर लिहिली जाते, हे या स्थानाचे मूळ दुखणे आहे.

डोळ्यांना जे दिसते त्याचे वजन जास्त पडते, ही दुसरी अडचण. इस्रायलमधील मायकेल बार-एली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2007 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अव्वल दर्जाच्या सामन्यांतील 286 पेनल्टी तपासल्या. त्यांपैकी सुमारे 29 टक्के फटके गोलच्या मधल्या भागात आले होते, तरी गोलरक्षक मध्येच उभे राहिले ते जेमतेम 6 टक्के वेळा. आणि जे उभे राहिले त्यांनी सुमारे तृतीयांश फटके अडवले, तर डावीकडे किंवा उजवीकडे झेपावणाऱ्यांच्या हाती 12 ते 14 टक्केच फटके लागले. मग गोलरक्षक झेपावतात का? अभ्यासकांनी दिलेले स्पष्टीकरण असे, की झेपावूनही गोल झाला तर त्याने प्रयत्न केला असे मानले जाते आणि उभे राहून गोल झाला तर तो नुसता बघत राहिला असे म्हटले जाते. कृती करण्याकडे असलेल्या या ओढीला मानसशास्त्रात कृतीचा कल म्हणतात. हाच कल प्रेक्षकांत आणि निवडकर्त्यांतही असतो. उत्तम गोलरक्षक फटका येण्यापूर्वीच दोन पावले सरकून कोन कमी करतो आणि चेंडू छातीवर घेतो. दुबळा गोलरक्षक चुकीच्या जागी उभा राहतो, मग त्याला पूर्ण अंग झोकून देऊन तोच चेंडू बोटांच्या टोकाने बाहेर घालवावा लागतो. टाळ्या दुसऱ्याला मिळतात, आणि निवडचाचणीत गुणही बहुधा त्यालाच पडतात.

यावर उपाय म्हणून आकड्यांकडे पाहिले जाते, पण आकडेही सरळ बोलत नाहीत. एकही गोल न स्वीकारता संपवलेल्या सामन्याला क्लीन शीट म्हणतात, आणि चाहत्यांच्या वादात हा आकडा सर्वांत आधी पुढे केला जातो. वस्तुतः तो गोलरक्षकापेक्षा त्याच्यापुढच्या बचावफळीचा आरसा असतो. लक्ष्यावर आलेल्या फटक्यांपैकी किती अडवले याची टक्केवारी त्याहून बरी, तरी तीही अपुरी आहे, कारण तीस मीटरवरून आलेला सरळ फटका आणि सहा मीटरवरून कोपऱ्यात मारलेला फटका यांना ती एकच किंमत देते. म्हणून अलीकडे अपेक्षित गोल ही कल्पना वापरली जाते: फटका कोठून, किती कोनातून, कशा स्थितीत आणि गोलच्या कोणत्या भागाकडे आला हे पाहून तसे हजारो फटके पूर्वी किती वेळा गोल ठरले याचे प्रमाण काढायचे, गोलरक्षकाला आलेल्या सर्व फटक्यांच्या प्रमाणांची बेरीज करायची आणि प्रत्यक्ष स्वीकारलेले गोल त्यातून वजा करायचे, बाकी शून्याहून जास्त असेल तर त्याने अपेक्षेपेक्षा अधिक अडवले असे समजायचे. पेनल्टीची अशी किंमत पाऊण गोलाच्या आसपास येते, हे लक्षात घेतले म्हणजे पेनल्टीवर गोल स्वीकारणाऱ्याला दोष देणे किती व्यर्थ आहे ते उमगते.

तरीही एका हंगामाचा आकडा फार काही सिद्ध करीत नाही, आणि या मुद्द्यावर थोडे थांबणे आवश्यक आहे. वीस सामने आणि दर सामन्यात लक्ष्यावर चार फटके धरले, तर हंगामात एका गोलरक्षकाकडे 80 फटके येतात. दोन गोलरक्षकांची क्षमता अगदी सारखी, म्हणजे प्रत्येकी 70 टक्के फटके अडवण्याची मानली, तरी संभाव्यतेच्या नियमाने त्यांच्या गोलसंख्येत पाच-सहा गोलांचा फरक निव्वळ योगायोगाने पडणे ही सामान्य गोष्ट आहे. एवढ्या फरकावर एकाला घ्यावे आणि दुसऱ्याला सोडावे असा वाद घालणारे चाहते पुष्कळदा योगायोगाचीच बाजू लढवत असतात. जिल्हा स्पर्धेत तर संघाच्या वाट्याला दोन-तीनच सामने येतात. तेथे गोलसंख्येवरून गोलरक्षक ठरवणे म्हणजे नाणे उडवून ठरवण्यासारखे आहे.

गोलरक्षकाकडून अपेक्षा काय, हेही स्थिर राहिलेले नाही. 1992 मध्ये सहकाऱ्याने पायाने जाणूनबुजून परत दिलेला चेंडू हातात घेण्यास बंदी आली आणि गोलरक्षकाला पायाने खेळणे शिकावे लागले. 2019 मध्ये गोल-किकचा चेंडू पेनल्टी क्षेत्राबाहेर जाण्यापूर्वीच सहकाऱ्याला खेळण्याची मुभा मिळाली, त्यामुळे आक्रमणाची जुळणी गोलरक्षकाच्या पायापासून सुरू होऊ लागली. आणि 2025च्या हंगामापासून चेंडू आठ सेकंदांहून अधिक काळ हातात धरल्यास प्रतिस्पर्ध्याला कॉर्नर देण्याचा नियम लागू झाला. हे तीन बदल एकाच दिशेने जातात: चेंडू अडवणारा गोलरक्षक आता पुरत नाही, अडवल्यानंतर लगेच निर्णय घेणारा हवा. मराठवाड्यातील किती निवडचाचण्यांत गोलरक्षकाला दोन्ही पायांनी पास देण्यास सांगितले जाते, हे प्रत्येक निवडकर्त्याने मनाशी तपासावे.

बाजाराची गोष्ट वेगळी, पण तिच्यातही धडा आहे. इंडियन सुपर लीगमध्ये 2014 साली एका वेळी सहा परदेशी खेळाडू मैदानात उतरवता येत होते, 2017-18 मध्ये ती संख्या पाचावर आणि 2021-22 मध्ये चारवर आली. परदेशी जागा कमी झाल्या तसे त्या गोल करणाऱ्यांसाठी आणि मधल्या फळीसाठी राखण्याकडे क्लबांचा कल वाढला, म्हणून भारतीय गोलरक्षकाला मागणी आली. मुंबई सिटीचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. 2020-21 मध्ये क्लबाला साखळी आणि अंतिम सामना अशी दोन्ही विजेतेपदे मिळवून देणाऱ्या संघाचा कर्णधार आणि गोलरक्षक अमरिंदर सिंग 2021 मध्ये कोलकात्याला गेला, त्याच्या जागी गोव्याकडून मोहम्मद नवाज आणला गेला आणि चाहत्यांचे वाद त्या दोघांभोवतीच फिरले. परंतु पुढे जागा पक्की केली ती क्लबातच राखीव म्हणून असलेल्या सिक्कीमच्या फुरबा लाचेन्पाने. मे 2024 मध्ये मुंबई सिटीने कोलकात्यात मोहन बागानला 3-1 असे हरवून चषक जिंकला तेव्हा गोलमध्ये तोच होता, आणि त्या हंगामाचा गोल्डन ग्लोव्ह, म्हणजे सर्वोत्तम गोलरक्षकाचा पुरस्कारही त्यालाच मिळाला. बाहेरून कोणाला आणावे यावर वाद चालू असताना उत्तर राखीव खेळाडूंच्या बाकावर बसलेले असू शकते.

महाराष्ट्रात क्लबावरील निष्ठा आणि निवडीचा वाद यांची सर्वांत जिवंत परंपरा कोल्हापूरची. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब असे संघ पेठांच्या आणि तालमींच्या नावाने उभे राहतात आणि शाहू स्टेडियमवरील सामन्याला सगळी पेठ लोटते. अलीकडे या संघांत बाहेरगावचे, परराज्यातील आणि परदेशीही खेळाडू येऊ लागल्यापासून पेठेचा मुलगा गोलमध्ये असावा की बाहेरचा अनुभवी, हा प्रश्न तेथे अटळ झाला आहे. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. मात्र पेठेच्या मुलाचा आग्रह धरणाऱ्यांची बाजू अधिक भक्कम वाटते, कारण बचावफळीशी बोलणे, तिला पुढे-मागे सरकवणे हे गोलरक्षकाचे निम्मे काम असते आणि एकाच बोलीत, एकाच मैदानावर वर्षानुवर्षे एकत्र खेळलेल्या खेळाडूंमध्ये ते सहज होते. गोव्याने 1983 मध्ये बंगालबरोबर संयुक्तपणे आणि 1984 मध्ये एकट्याने संतोष करंडक जिंकला, तेव्हा गोलमध्ये असलेले ब्रह्मानंद शंखवाळकर गोव्याच्याच मातीतले होते. तेथूनच ते भारताचे कर्णधार झाले आणि 2022 मध्ये पद्मश्रीचे मानकरी ठरले.

मराठवाड्यातल्या परभणीला मात्र यांपैकी काहीही नाही. येथे लीगमधला क्लब नाही, पेठांच्या तालमींची फुटबॉल परंपरा नाही, गोलरक्षक विकत आणण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. सप्टेंबर 2017 मध्ये, 17 वर्षांखालील विश्वचषकाच्या तोंडावर, राज्यभरच्या शाळांत फुटबॉल वाटून एकाच दिवशी मुले मैदानात उतरवण्याचा मोठा उपक्रम झाला; पण शाळेला चेंडू मिळणे आणि गोलरक्षक घडणे यांत मोठे अंतर आहे. जिंतूर, सेलू, पाथरी, गंगाखेड, पूर्णा या तालुक्यांतील अनेक शाळांत आजही ज्याला पळवत नाही किंवा जो सर्वांत उंच आहे त्याला गोलमध्ये उभे केले जाते, आणि ही निवड सराव सुरू होण्यापूर्वीच झालेली असते. त्यात काळ्या मातीची भर. उन्हाळ्यात ही जमीन भेगाळून विटेसारखी कडक होते आणि पावसाळ्यात, म्हणजे नेमक्या शालेय स्पर्धांच्या दिवसांत, पायाला चिकटणारा चिखल होतो; अशा जमिनीवर झेपावायला सांगितलेला मुलगा कोपर-नितंब सोलून घेतो, आठवड्याभरात घाबरू लागतो आणि प्रशिक्षक त्याला भित्रा ठरवतो. भित्रेपणाचा तो शिक्का खरे तर मैदानावर बसायला हवा.

ही अडचण सोडवण्यास लागणारा खर्च मात्र आवाक्याबाहेरचा नाही. गोदावरी आणि पूर्णा या नद्यांच्या जिल्ह्यात रीतसर परवानगीने मिळवलेली थोडी वाळू टाकून मैदानाच्या एका कोपऱ्यात चार मीटर लांब-रुंद खड्डा भरला, तर तेथे पडण्याचे तंत्र, म्हणजे आधी पिंढरी, मग मांडी, मग कूस आणि शेवटी खांदा अशा क्रमाने जमिनीला टेकण्याची सवय, इजेविना लावता येते. पहिल्या सहा आठवड्यांत झेपच शिकवू नये. उभे राहण्याची जागा, पायांची हालचाल आणि चेंडू झेलण्याचे हात एवढेच पुरे, कारण गोलरक्षकाकडे येणाऱ्या बहुतेक चेंडूंना झेपेची गरज नसते. तेरा वर्षांखालील गटात प्रत्येक मुलाला पाळीपाळीने गोलमध्ये उतरवावे. त्यातून खरा गोलरक्षक सापडतो, तो उंचीच्या फूटपट्टीने सापडत नाही. त्या वयात प्रौढांचा 7.32 मीटर रुंद आणि 2.44 मीटर उंच गोल वापरणेही टाळावे, कारण डोक्यावरून जाणाऱ्या चेंडूंचा दोष मुलाच्या माथी मारून कोणतेही शिक्षण होत नाही. अखिल भारतीय फुटबॉल महासंघ गोलरक्षकांच्या प्रशिक्षकांसाठी स्वतंत्र अभ्यासक्रम चालवतो; जिल्ह्यातील निदान एका क्रीडाशिक्षकाने तो पूर्ण करावा आणि महिन्यातून एकदा सर्व तालुक्यांच्या गोलरक्षकांना एकत्र बोलवावे, एवढे जिल्हा संघटनेला जमण्यासारखे आहे.

निवडीसाठी एका वहीची गरज आहे. सरावात किंवा सामन्यात लक्ष्यावर आलेला प्रत्येक फटका त्या वहीत नोंदवावा: तो पेनल्टी क्षेत्राच्या आतून आला की बाहेरून, पायाने मारला की डोक्याने, अडवला की नाही, अडवल्यावर चेंडू हातात राहिला की समोर सुटला, आणि त्यानंतर गोलरक्षकाने दिलेला पास सहकाऱ्याकडे पोचला की प्रतिस्पर्ध्याकडे. संगणक लागत नाही. राखीव बाकावरचा एक विद्यार्थी हे काम करू शकतो, आणि दोन वर्षांच्या अशा नोंदीतून दीड-दोनशे फटक्यांचा हिशेब जमा होतो, जो एका चाचणीतल्या दहा फटक्यांपेक्षा कितीतरी अधिक विश्वासार्ह असतो. संघ कोठून गोल स्वीकारतो हेही त्याच वहीतून कळते: बहुतेक गोल कॉर्नरवर होत असतील तर उंच चेंडू पकडणारा हवा, बचावफळीच्या मागे पडणाऱ्या लांब पासवर होत असतील तर पुढे धावून येणारा हवा, आणि ते समजेपर्यंत कोणता गोलरक्षक चांगला हा प्रश्न निरर्थक राहतो. यंदाच्या जिल्हा निवडीपूर्वी प्रत्येक शाळेने आपल्या गोलरक्षकाबरोबर ही वहीही पाठवावी, आणि निवड समितीने ती चाचणीच्या आदल्या दिवशी वाचावी.