पॉलिहाऊससाठी ‘नॅनो’ कागद: जादा दर देण्यापूर्वी हे तपासा

पॉलिहाऊसच्या २०० मायक्रॉनच्या प्लॅस्टिक कागदात झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण मिसळलेल्या फिल्म आता पुढे येत आहेत. पिकाला प्रकाशसंश्लेषणासाठी ४०० ते ७०० नॅनोमीटरचा प्रकाश लागतो. हे कण त्याखालचे अतिनील किरण शोषून घेतात, उपयोगाचा प्रकाश मात्र आत येऊ देतात.

फायदा पिकानुसार बदलतो. अतिनील किरण अडल्याने लाल गुलाबाच्या पाकळ्या काळ्या पडण्याचे प्रमाण कमी होते. पांढरी माशी व फुलकिड्यांचा वावरही मंदावतो. परंतु मधमाश्या याच किरणांच्या आधारे फुले शोधतात. त्यामुळे मधमाशीवर अवलंबून असलेल्या खरबुजासारख्या पिकात फळधारणा घटू शकते.

टायटॅनियम डायऑक्साइडच्या कणांवर सिलिका किंवा अॅल्युमिनाचे संरक्षक आवरण नसेल, तर ते उन्हात प्लॅस्टिकचीच झीज करतात. गंधकाच्या धुरीनेही कागदातील अतिनील स्थिरकारके निकामी होतात.

म्हणून विक्रेत्याकडून तीन गोष्टी लेखी घ्या: उपयोगाचा प्रकाश किती टक्के येतो, अतिनील किती टक्के अडते आणि गंधक वापरल्यास हमी राहते का. हे मिळाले नाही, तर ‘नॅनो’ नावापोटी जादा दर देऊ नका.