मागच्या रांगेतला पुढारी

ट्रॉम्बोन हे वाद्य मुळातच आधाराचे. लांबलचक पितळी नळी. तिचा एक भाग हाताने पुढेमागे सरकवायचा आणि फुंकीत सूर काढायचा. न्यू ऑर्लीन्सच्या जुन्या जॅझमध्ये मुख्य चाल ट्रम्पेट सांभाळतो, क्लॅरिनेट तिच्याभोवती वेलबुट्टी काढते आणि ट्रॉम्बोन खालून दोघांना टेकू देतो. असे वाद्य वाजवणाऱ्याने वाद्यवृंदाचे पुढारीपण करावे, याची मला मोठी मौज वाटते.

इंग्लंडचा ख्रिस बार्बर (१९३०–२०२१) हा असा पुढारी. दुसऱ्या महायुद्धानंतर तिकडच्या तरुणांना अमेरिकेतील जुन्या जॅझचे वेड लागले, त्या पिढीतला हा. १९५४ साली ट्रम्पेटवादक केन कॉलियर मतभेद होऊन ताफ्यातून बाहेर पडला आणि धुरा बार्बरकडे आली.

त्याच वर्षी ताफ्याची तबकडी निघाली. बँजोवाल्या लॉनी डोनेगनला मध्यंतरात लोकगीते म्हणण्याची हौस होती. बार्बरने त्याला तबकडीवर जागा दिली आणि स्वतः ट्रॉम्बोन खाली ठेवून डबल बास हाती घेतला! 'रॉक आयलंड लाइन' हे ते गाणे १९५६ साली असे गाजले, की विलायतेतली पोरे गिटार आणि कपडे घासायची पत्र्याची फळी घेऊन गल्लोगल्ली गाऊ लागली. त्यांतच जॉन लेनन नावाचा एक पोरगाही होता.

पुढे १९५९ साली बार्बरच्या ताफ्याच्या नावावर 'पेतीत फ्लर' गाजली. चाल सिडनी बेशेची, क्लॅरिनेट मॉन्टी सनशाइनचे. बार्बरचा ट्रॉम्बोन तीत एकदाही ऐकू येत नाही.

कोणी म्हणेल, मग हा पुढारी कसला? हा तर व्यवस्थापक! मला तसे वाटत नाही. कोणत्या जागी कोणी वाजवावे हे कळायला कान लागतो. आणि तिथे आपण गप्प राहायला त्याहून मोठे मन लागते. पॅट हॅलकॉक्स हा ट्रम्पेटवादक १९५४ पासून २००८ पर्यंत त्याच्या शेजारी उभा राहिला, तो काही उगाच नव्हे.

दिवाळीत सारे घर फराळाला एकत्र बसते, तेव्हा कर्त्या मंडळींनी हे जरूर करून पाहावे. एखादा विषय धाकट्यांच्या हाती सोपवावा. आपल्याला तोवर चकल्या आहेतच!