हवा म्हणायचं की वारा? एकदा ठरवू या



हल्ली सगळ्यांचे निरोप मोबाईलवरच येतात. त्यात एक वाक्य नेहमी दिसतं, "आज हवा आहे, जपून." आता यातून समजायचं काय? आभाळ भरलंय, उकाडा आहे, की वारं सुटलंय? आणि सुटलंय तर कुठून?

पवारांच्या बरोबर अठराव्या शतकात मराठी धार-देवासात आली आणि इथल्या माळवी-हिंदीशेजारी मुरली. त्यात वाईट काही नाही. पण हिंदीत 'हवा' एकच शब्द दोन्ही कामं करतो, मराठीत तसं नाही. सायकलच्या ट्यूबमध्ये हवा भरतात, वारा नाही. हवा सगळीकडे असते, चालू लागली की तिचा वारा होतो. देवासजवळ जामगोदराणीच्या टेकडीवरच्या पवनचक्क्या बघा. हवा तिथे बाराही महिने आहे, पण पाती फिरायला वाराच लागतो. आपली डोंगीही वारा उलटवतो, हवा नाही.

आपल्या घरात या शब्दाचे किती उपयोग आहेत बघा. आजी पदराने वारा घालायची. एखाद्याच्या अंगात वारं येतं, एखाद्याच्या अंगावरून वारं जातं. पहिला घुमतो, दुसरा अंथरुणाला खिळतो, फरक फक्त एका शब्दाचा. पोराच्या कानात वारं शिरलं की ते कोणाचं ऐकत नाही. निवडणुकीचे वारे वाहतात, तेव्हा काही मंडळी वारा येईल तशी पाठ देतात. मदतीच्या वेळी जो वाऱ्यालाही उभा राहत नाही, तो कसा माणूस हे सांगावं लागत नाही. आणि गरजेला पाठ फिरवली तर म्हणतात, "आम्हाला वाऱ्यावर सोडलं."

शाळेच्या भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे होते. दिवसा समुद्राकडून येतात ते खारे, रात्री जमिनीकडून समुद्राकडे जातात ते मतलई. कोकणातल्या मच्छीमारांना ते कामाचे. आपल्याकडे समुद्र नाही, म्हणून वारा कमी महत्त्वाचा, असं मात्र कोणी समजू नये.

आपल्या मध्य प्रदेशात 16 जून ते 15 ऑगस्ट मासेमारी बंद असते. त्यामुळे मे आणि जूनच्या सुरुवातीला जो तो म्हणतो, बंदीआधी चार जाळी जास्त टाकू. आणि वळवाचे दिवसही नेमके तेच. दुपारनंतर काळा ढग चढतो, पावसाने गार झालेली हवा ढगातून खाली आदळते आणि चारी बाजूंना पसरते. म्हणून पावसाआधी गार झोत येतो, आणि वाऱ्याची दिशा बघता बघता फिरते. नर्मदा आपल्याकडे पूर्वेकडून पश्चिमेला जाते. धरणाचं पाणी त्याच दिशेने लांबच लांब पसरलेलं असतं. पश्चिमेचा वारा त्या लांबीवरून आला की लाट वाढतच जाते. तोच वारा उत्तरेचा असेल तर अलीकडच्या काठाला आडोसा मिळतो. म्हणजे 'हवा आहे' एवढ्यावरून काहीच ठरवता येत नाही, 'पश्चिमेचा वारा' म्हटलं तर ठरवता येतं.

आमचं मत स्पष्ट आहे. निरोपात तीन गोष्टी लिहा: वारा कुठून आहे, किती आहे, आणि केव्हापासून. वारा जिकडून येतो, त्या दिशेचं नाव त्याला द्यायचं, हवामान खातंही तसंच करतं. किती आहे ते आकड्यात जमत नसेल तर साध्या भाषेत सांगा: पानं हलतात, धूळ उडते, की झाडाच्या फांद्या वाकतात. खात्याच्या इशाऱ्यात ताशी 30-40 किलोमीटरचा सोसाट्याचा वारा असेल, तर लहान डोंगी काठालाच बांधलेली बरी. गार झोत अंगावर आला की जाळं ओढत बसू नका. जाळं नवीन घेता येतं.

काही जण म्हणतील, शब्दाने काय होतं? पाण्यावर असलेल्या माणसाकडे आपला निरोप एवढाच आधार असतो. तो अर्धवट पाठवणं म्हणजे त्याला वाऱ्यावर सोडणंच आहे.

आजपासून 'हवा आहे' बंद. वारा कुठला, ते सांगा.