गेटवर कॅमेरा बसला. पण चोराचा चेहरा दिसेल का?

कॅमेऱ्यातले चित्रीकरण पुरावा कधी ठरते, यावर देशभरातल्या न्यायालयांत ज्या निकालाचा दाखला दिला जातो, तो जालन्याच्याच एका खटल्यातला आहे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालना मतदारसंघातून अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले. त्यांचे उमेदवारी अर्ज २७ सप्टेंबर २०१४ रोजी दुपारी तीनची मुदत संपल्यावर दाखल झाले, असा कैलास गोरंट्याल यांचा आक्षेप होता. त्यासाठी त्यांनी निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांच्या कार्यालयातल्या चित्रीकरणाचा आधार घेतला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १४ जुलै २०२० रोजी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने सांगितले, की चित्रीकरणाची नक्कल पुराव्यात द्यायची तर कायद्यात सांगितलेले प्रमाणपत्र जोडलेच पाहिजे. मूळ उपकरण न्यायालयात हजर केले तरच त्याची गरज नाही.

नव्या घराशी याचा संबंध थेट आहे. अंबड चौफुली असो की मंठा चौफुली, शहराच्या कडेला नवे घर उभे राहिले की वास्तुशांतीच्या आधीच गच्चीच्या कठड्यावर चार कॅमेरे बसतात. बहुतेक वेळा ते ‘पॅकेज’मध्ये येतात: चार कॅमेरे, एक डबा, बसवणुकीसह अमुक रुपये. त्या कॅमेऱ्यातून गरजेच्या दिवशी नेमके काय हाती लागेल, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. माझे मत स्पष्ट आहे. घराबाहेरचा कॅमेरा धाक म्हणून न घेता साक्षीदार म्हणून घ्यावा. चुकीच्या जागी लावलेल्या चार कॅमेऱ्यांपेक्षा योग्य जागी लावलेले दोन बरे.

उंच नको, समोर हवा

कॅमेरा जितका वर, तितके जास्त दिसते, हा सर्वांत मोठा गैरसमज आहे. दुसऱ्या मजल्यावरून रस्ता दिसतो, अंगण दिसते, आणि माणसांची फक्त डोकी दिसतात. टोपी किंवा गमछा असेल तर तेही नाही. चेहरा टिपायचा असेल तर कॅमेरा जमिनीपासून आठ ते नऊ फुटांवर आणि येणाऱ्याच्या समोर हवा. हात पुरणार नाही, पण चेहरा कळेल, इतकी ही उंची. वरून एक कॅमेरा सगळा परिसर पाहायला ठेवा, दुसरा दाराशी चेहऱ्यासाठी.

अंतराचा हिशेबही सोपा आहे. अनोळखी माणूस खात्रीने ओळखता यावा, यासाठी चित्रात दर मीटर रुंदीला सुमारे २५० पिक्सेल हवेत, असे आंतरराष्ट्रीय मानक सांगते. चार मेगापिक्सेल कॅमेऱ्याच्या चित्राची रुंदी साधारण २५६० पिक्सेल असते, म्हणजे जेमतेम दहा मीटर रुंदीचा देखावा या कसोटीला उतरतो. पॅकेजमध्ये सहसा येणारी २.८ मिलिमीटरची लेन्स खूप रुंद पाहते. तिच्यातून चेहऱ्याची खात्री सुमारे चार मीटरपर्यंत, म्हणजे तेरा-चौदा फुटांपर्यंतच मिळते. दोन मेगापिक्सेल असेल तर दहा फूट. गेट दारापासून पंचवीस फुटांवर असेल, तर दाराच्या कॅमेऱ्यावर भरवसा ठेवू नका. गेटच्या खांबावर स्वतंत्र कॅमेरा लावा, किंवा लांबचे जवळ आणणारी सहा मिलिमीटर वा त्याहून मोठी लेन्स मागा.

रात्रीची परीक्षा

दिवसा सगळेच कॅमेरे चांगले दिसतात. म्हणून पैसे चुकते करण्याआधी रात्री दहानंतर घरातल्या कुणाला तरी गेटमधून दारापर्यंत चालायला सांगा आणि मोबाइलवर बघा. चेहरा ओळखू आला नाही, तर जागा बदलून घ्या. छज्जाला किंवा पांढऱ्या भिंतीला अगदी चिकटून लावलेला कॅमेरा रात्री स्वतःच्याच इन्फ्रारेड प्रकाशाने आंधळा होतो. समोर धुके पसरल्यासारखे दिसते. त्या प्रकाशावर किडे येतात, किड्यांमागे कोळी येतो आणि जाळे विणतो. महिन्यातून एकदा काच पुसणे हाच त्यावर उपाय. दाराशी एक साधा एलईडी दिवा रात्रभर चालू ठेवला, तर महागड्या कॅमेऱ्याइतकाच उपयोग होतो.

आपल्याकडचे ऊनही लक्षात घ्या. थेट पश्चिमेकडे तोंड करून लावलेल्या कॅमेऱ्याला संध्याकाळी समोरचा माणूस काळी सावलीच दिसतो. शक्य तिथे तो छज्जाच्या सावलीत, पण कडेला घ्या. धूळ आणि पावसासाठी आयपी ६६ किंवा त्यावरचा दर्जा पाहा.

प्लास्टरच्या आधी पाइप

नव्या घराचा खरा फायदा इथे आहे. प्लास्टर होण्याआधीच गेट, दार, मागची बाजू आणि जिना या ठिकाणांपर्यंत पाइप टाकून ठेवला, तर नंतर भिंती फोडाव्या लागत नाहीत आणि उघडी वायर कुणी कापूही शकत नाही. बाहेरच्या कॅमेऱ्यासाठी वायफायपेक्षा वायरच भरवशाची. पीओई पद्धतीत एकाच कॅट ६ केबलमधून वीज आणि चित्र दोन्ही जातात, शंभर मीटरपर्यंत. केबल शुद्ध तांब्याची मागा. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल स्वस्त पडते, पण लांब अंतरावर दगा देते. वळवाच्या विजांचा विचार करून अर्थिंग नीट करून घ्या. रेकॉर्डर, राउटर आणि स्विच हे तिन्ही इन्व्हर्टरवर हवेत. लाइट गेली की बंद पडणारा कॅमेरा नेमका अंधारातच कामाचा नाही.

रेकॉर्डिंग किती दिवसांचे?

एक कॅमेरा दोन मेगाबिट प्रतिसेकंद वेगाने चोवीस तास चालला, तर दिवसाला साधारण २१ जीबी लागतात. चार कॅमेऱ्यांना ८६. म्हणजे एक टीबीची डिस्क अकरा-बारा दिवसांत भरते आणि जुने पुसत जाते. दिवाळीत किंवा उन्हाळ्याच्या सुट्टीत पंधरा दिवस गावी जाऊन आलात आणि चोरी पहिल्याच रात्री झाली असेल, तर ती रात्र केव्हाच पुसली गेलेली असते. किमान दोन टीबी घ्या. रेकॉर्डर टीव्हीखाली मांडू नका, कुलूपबंद कपाटात ठेवा, पण हवा खेळती राहू द्या. त्यातली तारीख-वेळ बरोबर आहे ना, हे अधूनमधून तपासा. घड्याळ चुकलेले चित्रीकरण वादाला आमंत्रण देते.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार नकलेसोबत प्रमाणपत्र आणि फाइलचे ‘हॅश’ मूल्य द्यावे लागते. म्हणून घटना घडल्यावर मोबाइलने पडद्याचे शूटिंग करून ते ग्रुपवर फिरवत बसू नका. त्या वेळेचे मूळ रेकॉर्डिंग लगेच वेगळे काढा, रेकॉर्डर जसाच्या तसा जपा आणि पोलिसांना कळवा.

शेजाऱ्याचे अंगण आपले नाही

आता सर्वांत दुर्लक्षित मुद्दा. प्लॉट लहान, घरे भिंतीला भिंत लागून. अशा वेळी आपला कॅमेरा सहज शेजारच्या खिडकीत, धुणी वाळत घालायच्या गच्चीत डोकावतो. तिथल्या बायामुलींना दिवसभर कुणाच्या तरी मोबाइलवर असल्याची जाणीव घेऊन वावरावे लागते. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी सांगितले आहे. एकाच घरात राहणाऱ्या भावांच्या वादात, इतर रहिवाशांच्या संमतीशिवाय राहत्या भागात कॅमेरे चालवता येणार नाहीत, असा निकाल कोलकाता उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये दिला आणि सर्वोच्च न्यायालयाने त्याविरुद्धची याचिका फेटाळली. वाटण्या होऊनही ओटा आणि जिना सामाईक असलेल्या आपल्याकडच्या कित्येक घरांनी हे ध्यानात घ्यावे. कॅमेऱ्याचा रोख वळवा. ते जमत नसेल तर चित्राचा तेवढा भाग काळा करण्याची सोय बहुतेक कॅमेऱ्यांत असते, ती वापरा. आणि बसवण्याआधी शेजाऱ्यांना सांगा, हवे तर पडद्यावर दाखवा.

आपल्याच घरात डोकावणाऱ्यांपासूनही जपायला हवे. राजकोटच्या एका प्रसूती रुग्णालयातल्या कॅमेऱ्यांची दृश्ये इंटरनेटवर विकली जात असल्याचे फेब्रुवारी २०२५ मध्ये उघड झाले. केंद्र सरकारने सीसीटीव्हीसाठी सायबर सुरक्षेची चाचणी सक्तीची केली असून तिचा अंमल ९ एप्रिल २०२५ पासून सुरू झाला आहे. खरेदी करताना त्याबद्दल विचारा आणि मॉडेल क्रमांकासह पक्के बिल घ्या. कॅमेरा बसवणाऱ्याने ठेवलेला पासवर्ड त्याच संध्याकाळी बदला. ॲपचे खाते स्वतःच्या नंबरवर उघडा.

दुकानदाराला किती कॅमेरे लागतील, हे विचारण्याआधी घराभोवती एक चक्कर मारा. माणूस आत येऊ शकेल अशा जागा मोजा. प्रत्येक जागी त्याचा चेहरा कुठून दिसेल, ते ठरवा. कॅमेऱ्यांची संख्या त्यातूनच निघेल, आणि ती बहुधा पॅकेजपेक्षा कमीच असेल. वाचलेले पैसे मोठ्या डिस्कवर आणि दाराशी जळणाऱ्या दिव्यावर खर्च करा.