कोटेशनमधला रेट स्पेसबारने ढकलू नका!



आजचा विषय तुम्हाला फारच बारीक वाटेल. पण ऑर्डर बरेचदा अशा बारीक गोष्टींवरच अडते.

आमच्या बॅचमधल्या एका ताईंनी मला त्यांचं केटरिंगचं कोटेशन पाठवलं. डावीकडे पदार्थ, उजवीकडे रेट. त्यांच्या लॅपटॉपवर सगळं एका रेषेत. माझ्याकडे तीच वर्ड फाइल उघडली, तर पुरणपोळीचा रेट ओळीत मावेना. तो खाली घसरून मसालेभाताच्या डोक्यावर जाऊन बसला! आता गिऱ्हाईक कुठला रेट धरणार? जो कमी तो. आणि वाद घालणार तुमच्याशी.

कारण काय? ताईंनी रेट स्पेसबार दाबदाबून उजवीकडे ढकलले होते. जुन्या टाइपरायटरवर प्रत्येक अक्षराला सारखीच जागा मिळायची, तिथे स्पेस मोजून काम भागायचं. कॉम्प्युटरच्या बहुतेक फॉन्टमध्ये अक्षरांची रुंदी वेगवेगळी असते. समोरच्याकडे तुमचा फॉन्ट नसेल तर दुसरा लागतो आणि सगळी ओळ हलते.

काही जण कंट्रोल आर दाबतात. त्याने अख्खा परिच्छेद उजवीकडे जातो, पदार्थाच्या नावासकट. आपल्याला हवी असते अर्धी ओळ इकडे, अर्धी तिकडे. त्यासाठी आहे राइट टॅब.

वर्डमध्ये असं करा:

१. 'व्ह्यू'मध्ये जाऊन 'रुलर'वर टिक करा.
२. रेटच्या सगळ्या ओळी सिलेक्ट करा.
३. आडव्या रुलरच्या डाव्या टोकाला छोटा चौकोन असतो, त्यात इंग्रजी एलसारखी खूण असते. तो एल उलटा दिसेपर्यंत चौकोनावर क्लिक करत राहा.
४. आता रुलरवर उजव्या मार्जिनच्या थोडं अलीकडे क्लिक करा.
५. पदार्थाचं नाव लिहा, एकदाच टॅब दाबा, रेट लिहा. मधल्या जुन्या स्पेस काढून टाका.

झालं! रेट ९० असो की १,२५०, शेवटचा आकडा त्याच रेषेत येणार. मध्ये हॉटेलच्या मेनूकार्डसारखे ठिपके हवेत? रुलरवरच्या त्या खुणेवर डबल क्लिक करा आणि 'लीडर'मध्ये ठिपके निवडा. लिब्रेऑफिस रायटर फुकट मिळतं, त्यातही ही सोय आहे.

तुम्ही म्हणाल, "सर, पीडीएफ पाठवली की प्रश्न मिटला." पीडीएफ पाठवाच, गिऱ्हाइकाला मूळ फाइल देऊच नका. पण पुढच्या गिऱ्हाइकासाठी रेट बदलायला तुम्ही तीच मूळ फाइल उघडणार ना? एक आकडा वाढला की पुन्हा स्पेसची कसरत. आणि क्वांटिटी, रेट, रक्कम असे चार-पाच कॉलम असतील तर सरळ टेबल घ्या. नाव आणि रेट, किंवा बिल नंबर आणि तारीख एकाच ओळीत हवी असेल, तर टॅब पुरेसा आहे.

माझं मत स्पष्ट आहे. लोगोवर पैसे खर्च करण्याआधी ही पाच मिनिटं खर्च करा. नवीन गिऱ्हाइकाने तुमचं काम अजून पाहिलेलं नसतं, त्याच्या हातात फक्त तुमचा कागद असतो. कागदावरचा हिशोबच वाकडातिकडा दिसला, तर तो ॲडव्हान्स द्यायला कचरणारच.

आज एकच काम करा. तुमचं शेवटचं कोटेशन उघडा, कंट्रोल, शिफ्ट आणि ८ एकत्र दाबा. प्रत्येक स्पेस ठिपक्यासारखी दिसेल. नाव आणि रेटच्या मध्ये ठिपक्यांची रांग दिसली, की समजा, दुरुस्तीला तिथूनच सुरुवात करायची.