ऑइल जास्त भरले तर?

ऑइल कमी पडले तर इंजिन बसते, हे गाडी चालविणाऱ्या प्रत्येकास ठाऊक असते. त्या भीतीपोटीच अनेक जण थोडे जास्त ओततात. डब्यात पावशेर उरले तर ‘आता ठेवायचे कुठे’ म्हणून तेही इंजिनात जाते. ‘असू दे, इंजिनला बरे,’ असे गॅरेजमधला पोरगाही म्हणतो. परंतु ऑइल म्हणजे भातावरचे तूप नव्हे. कमी ऑइल जसे वाईट, तसेच फार जास्त ऑइलही वाईट. ज्यांची टॅक्सी कर्जाच्या हप्त्यावर धावते किंवा जे मालकाची गाडी पगारावर चालवितात, त्यांनी तर हे नीट समजून घ्यावे. इंजिन उघडावे लागले की मिस्त्रीचे बिल आणि बुडालेले दिवस, दोन्हींचा भार घरावर पडतो.

इंजिनाच्या तळाशी ऑइलचे चेंबर असते. त्याच्या वर क्रँकशाफ्ट मिनिटाला हजारो फेरे घेत असतो. ऑइलची पातळी बरोबर असली तर तो ऑइलला शिवत नाही. पातळी फार वर गेली की तो ऑइलमध्ये बुडून फिरू लागतो आणि रवीने ताक घुसळावे तसे ऑइल घुसळतो. त्याचा फेस होतो. पंप ऑइलऐवजी हवेचे बुडबुडे ओढू लागतो, दाब पडतो आणि बेअरिंगला मिळायचे ते ऑइल मिळत नाही. म्हणजे चेंबर भरलेले असूनही इंजिन कोरडे चालते! शिवाय आतला दाब वाढून ऑइल सील गळू लागतात. वाफेच्या नळीवाटे ऑइल हवेच्या मार्गात जाऊन जळते, सायलेन्सरमधून निळसर धूर येतो, प्लग काळे पडतात आणि धूर शुद्ध करणारे महागडे कन्व्हर्टर खराब होते. डिझेल इंजिनात तर आणखी एक धोका असतो. ते स्वतःचेच ऑइल इंधन म्हणून जाळू लागले, तर किल्ली बंद करूनही थांबत नाही.

बहुतेक वेळा चूक मोजण्यात असते. गाडी नुकतीच बंद केलेली असते, ऑइल अजून वरच्या भागातून खाली उतरलेले नसते, आणि पट्टी कमी दाखविते. लगेच अर्धा लिटर ओतले जाते. म्हणून गाडी सपाट जागी उभी करावी आणि इंजिन बंद करून ५ ते १० मिनिटे थांबावे. मग पट्टी काढून फडक्याने पुसावी, पुन्हा पूर्ण आत घालावी आणि पाहावे. दोनदा पाहिलेले बरे. इंजिन गरम असताना पाहावे की थंड, हे गाडीच्या पुस्तकात दिलेले असते, तेच प्रमाण मानावे. लहान गाडीच्या इंजिनात साधारण ३ लिटर ऑइल मावते आणि पट्टीवरील दोन खुणांमध्ये पाऊण ते एक लिटरचे अंतर असते. तेव्हा डबा एकदम उपडा न करता पाव-पाव लिटर घालून मोजावे.

वरच्या खुणेपेक्षा दोन-तीन मिलिमीटर जास्त दिसले तर घाबरण्याचे कारण नाही. पण बोटभर वर असेल तर गाडी सुरू करू नये. ‘गॅरेजपर्यंत नेतो’ असेही म्हणू नये, मिस्त्रीलाच बोलवावे. काढण्याचा सोपा मार्ग म्हणजे पट्टीच्या भोकातून बारीक नळी घालून हातपंपाने किंवा मोठ्या सिरिंजने ऑइल ओढणे. थोडे काढावे, थांबावे, मोजावे. चेंबरचा बोल्ट ढिला करूनही काढता येते, पण धार एकदम सुटते आणि गरम ऑइलने हात भाजतो. शिवाय बोल्टचा वायसर नवा घालावा लागतो. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली तर कोणीही, कधीही शिरू नये.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. कोणी ऑइल ओतले नसताना पातळी वाढली असेल, तर नुसते काढून टाकून भागत नाही. आत दुसरे काही तरी मिसळत आहे. पट्टीवरचे ऑइल दुधाच्या कॉफीसारखे दिसले तर त्यात रेडिएटरचे पाणी शिरले असण्याची शक्यता असते. हेड गॅस्केट गेल्याचे ते लक्षण असू शकते. पातळ होऊन पेट्रोलचा वास आला तर इंधन गळत आहे. जुन्या कार्बोरेटरच्या गाड्यांत पेट्रोल पंपाचा पडदा फाटून असे होते. १ एप्रिल २०२० पासून देशात भारत स्टेज ६ चे नियम लागू झाले. त्यानंतरच्या डिझेल मोटारींना काजळी अडविणारा फिल्टर असतो. साचलेली काजळी जाळण्यासाठी इंजिन जास्तीचे डिझेल सोडते. गाडी रोज दोन-चार किलोमीटरच फिरून बंद होत असेल, तर ही जळण्याची क्रिया अर्धवट राहते आणि थोडे डिझेल ऑइलमध्ये उतरते. अशा वेळी ऑइल पूर्ण बदलावे आणि अधूनमधून गाडी मोकळ्या रस्त्यावर सलग चालवावी.

काढलेले ऑइल गटारात किंवा मातीत ओतू नये. ते पाणी नासविते, आणि कायद्यानेही तो घातक कचरा आहे. झाकणाच्या डब्यात भरून जुने ऑइल रीतसर जमा करणाऱ्या गॅरेजला द्यावे. हाताला लागले तर साबणाने धुवावे. गॅरेजात काम शिकणाऱ्या मुलांना हातमोजे घालायला सांगावे, कारण जळके ऑइल वर्षानुवर्षे कातडीला लागणे बरे नव्हे.

गाडीत एक लहान वही ठेवावी. तारीख, किलोमीटर आणि पट्टीवरची पातळी, एवढेच लिहावे. सर्व्हिसिंग करून गाडी परत घेताना पैसे देण्यापूर्वी पट्टी स्वतः पाहावी. ऑइल कमी असो की जास्त, मिस्त्रीसमोर ते तेव्हाच उघड होईल.