सर्व्हर डाऊन आहे म्हणे!

पूर्वी बँकेत गिऱ्हाइकाला परत पाठवायचं तर कारकुनाला थोडी तरी कल्पनाशक्ती लागत असे. साहेब रजेवर आहेत, सही जुळत नाही, लेजर आत गेलंय, असं काहीतरी स्वतःच्या बुद्धीनं शोधून काढावं लागे. आता तो त्रास उरला नाही. ‘सर्व्हर डाऊन आहे’ हे तीन शब्द उच्चारले की भले भले निमूट उठून जातात. मीही हे वाक्य वर्षानुवर्षं म्हणत आलो. गेल्या दिवाळीपासून मात्र मी त्याच्या विरुद्ध उभा आहे, आणि आमच्या बँकेत या बाजूला सध्या मी एकटाच आहे.

माझं म्हणणं सरळ आहे. ज्यानं तपासून पाहिलं नाही, त्याला ‘डाऊन’ म्हणायचा हक्क नाही. आपण हाक मारली आणि ओ आली नाही, एवढंच आपल्याला ठाऊक असतं. समोरचा झोपलाय, बहिरा झालाय, मधलं दार लागलंय की आपलाच घसा बसलाय, हे ठरायच्या आत आपण तिरडीच्या सामानाला माणूस पाठवतो.

आमची बँक छोटी, सहकारी. मुख्य कचेरीच्या मागं जिथं पूर्वी जुनी लेजरं आणि झुरळं असत, त्या खोलीत आता वातानुकूलित हवेत एक मोठा संगणक राहतो. दिसायला एक, पण त्याच्या पोटात चार आभासी संगणक आहेत. त्यांना व्हर्च्युअल मशीन म्हणतात. एकात खात्यांचे व्यवहार, दुसऱ्यात रिपोर्ट, तिसऱ्यात आमची हजेरी, चौथ्यात काय आहे ते कोणालाच नक्की माहीत नाही, पण ते बंद करायची कोणाची छाती होत नाही. ही कल्पना काही कालची नव्हे. आयबीएमनं १९७२ सालीच ‘व्हीएम/३७०’ नावाखाली एका यंत्रात अनेक यंत्रं नांदवून दाखवली होती. एका खोलीत चार बिऱ्हाडं म्हटल्यावर गिरगावातल्या माणसाला त्यात नवल वाटायचं कारण नाही.

तर या बाहेरच्या लोखंडी पेटीला म्हणतात होस्ट, म्हणजे यजमान, आणि आतल्यांना गेस्ट, म्हणजे पाहुणे. मुद्द्याची गोष्ट अशी की यजमानाचा पत्ता वेगळा आणि प्रत्येक पाहुण्याचा वेगळा असतो. त्यामुळं यजमान बोलेनासा झाला तरी पाहुणे आत पंगतीला बसून मजेत जेवत असू शकतात. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. ज्यांना ठाऊक असायला हवं होतं, त्यांना त्या दिवशी आठवलं नाही.

मंगळवार होता. सकाळी दहा वीसला संगणक विभागाचा फोन आला. “होस्टचा कन्सोल उघडत नाहीये. कोणी एन्ट्री करू नका, सगळे लॉगआउट व्हा, दहा मिनिटांत रिस्टार्ट मारतो.” आम्ही आज्ञाधारक माणसं. झालो लॉगआउट. शिपायानं पाटी लावली. (ही एकच पाटी आमच्या बँकेत लॅमिनेट केलेली आहे. व्याजाच्या दराची अजून खडूनं लिहितात.) मग कळलं, की लांबून रिस्टार्ट करायचं तर आधी होस्टपर्यंत पोचायला हवं, आणि तिथं पोचता येत नाही हेच तर दुखणं! हातानं करावं, तर खोलीची किल्ली ज्यांच्याकडं, ते मेव्हण्याच्या लग्नाला सांगलीला. दहा मिनिटं लांबत चालली.

अकराच्या सुमाराला बाई आल्या. जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीचा वर्ग सांभाळून निवृत्त झालेल्या. अर्धं गाव त्यांच्या हाताखालून गेलेलं. एस.टी.नं बावीस किलोमीटर आल्या होत्या. दुसऱ्या दिवशी मोतीबिंदूचं ऑपरेशन, त्यासाठी मुदत ठेव मोडायची होती.

“बाई, सर्व्हर डाऊन आहे. उद्या या.”

“का डाऊन आहे?”

“डाऊन झालाय म्हणजे... बंद आहे.”

“ते कळलं रे. का बंद आहे, विचारतेय. पोरगा नापास का झाला म्हटलं, तर नापास झाला म्हणून, हे काय उत्तर झालं? तू बघितलंस का स्वतः?”

मी बघितलं नव्हतं. बाई दीड तास बाकावर बसल्या आणि एकची एस.टी. धरून निघून गेल्या.

मग मात्र मला स्वस्थ बसवेना. मी बी.कॉम. आहे, संगणकातलं मला काही कळत नाही, पण तेरीज जुळत नसेल तर काय करतात ते कळतं. लेजर फाडून नवं लिहीत नाहीत. फरक घेतात. नऊनं भागला गेला तर ७२ च्या जागी २७ पडलेत का पाहतात. निम्मा करून बघतात, जमेची रक्कम नावे पडलीय का ते शोधतात. मधे गाठ मारत मारत येतात, इथपर्यंत बरोबर, इथून पुढं चूक. हे शास्त्र आहे आणि ते बँकेच्या कारकुनाइतकं कोणाला येत नाही.

हाक मारायची रीतही मला येत होती, कारण घरचं इंटरनेट बंद पडलं की कंपनीतली मुलगी फोनवरून ती पढवून घेते. तिला पिंग म्हणतात. अमेरिकन लष्कराच्या प्रयोगशाळेतल्या माइक मूस यांनी १९८३ च्या डिसेंबरात हा छोटासा प्रोग्रॅम लिहिला. पाणबुडी शोधताना सोनारचा जो आवाज होतो, त्यावरून हे नाव. आपण एक टपला मारायचा आणि प्रतिध्वनी यायची वाट बघायची.

पहिली हाक १२७.०.०.१ ला, म्हणजे स्वतःलाच. मी जागेवर होतो. मग गेटवेला, म्हणजे आमच्या जाळ्याच्या वेशीवरच्या दाराला. दार उघडं होतं. मग यजमानाला. आणि काय सांगू, यजमानानं ताबडतोब ओ दिली! मी आनंदानं संगणक विभागाला फोन लावला.

“पिंग येतोय ते आम्हालाही दिसतंय,” तिकडचा तरुण वैतागून म्हणाला. “पिंग येतो आणि कन्सोल उघडत नाही, म्हणजे हँग झालाय. रिस्टार्टच पाहिजे.”

“पण हँग झालाय तर हजेरी कशी चालू आहे? त्याच पेटीत आहे ना ती? मघाशी दहा पस्तीसला तिनं माझा लेटमार्क मारला.”

पलीकडं क्षणभर शांतता. मग, “तुम्ही बी.कॉम. ना?”

हे मला लागलं. तरी मी फोन ठेवला नाही. शेवटी माझी ब्याद टळावी म्हणून त्यानं एक हुकूम टाइप करायला सांगितला. या पत्त्यावर नक्की कुठलं यंत्र बोलतंय, त्याचा जन्मखुणेसारखा नंबर त्यात दिसतो. मॅक अ‍ॅड्रेस म्हणतात. त्याचा पहिला अर्धा भाग यंत्र कोणत्या कंपनीनं केलं ते सांगतो. मी एकेक अक्षर वाचून दाखवलं. तो गप्प झाला. मग दबक्या आवाजात म्हणाला, “हा आपला होस्ट नाही. ही तर प्रिंटरवाली कंपनी आहे.”

सोमवारी संध्याकाळी मॅनेजरसाहेबांच्या केबिनबाहेर नवा प्रिंटर बसला होता. बसवणाऱ्या मुलानं कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेली यादी बघितली आणि त्यात जो नंबर कोणाच्या नावावर नव्हता तो प्रिंटरला दिला. तो होस्टचा होता. यादीत तो लिहायचा राहिला होता. एका खातेनंबरावर दोन खातेदार! आमच्याकडं असं झालं तर चौकशी बसते. इथं हाक यजमानाच्या नावानं जात होती आणि ओ प्रिंटर देत होता.

मी प्रिंटरची केबल उपटली. दोन-तीन ओळी उत्तर नाही, मग पुन्हा ओ आली. कन्सोल उघडला. दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. त्या तरुणानं प्रामाणिकपणे सांगितलं, की होस्ट २१२ दिवसांत एकदाही बंद पडलेला नाही आणि व्यवहारांचा पाहुणाही सकाळपासून तयार बसलाय. म्हणजे साडेतीन तासांहून अधिक काळ सर्व्हर उभा होता आणि पाटी आम्ही लावून बसलो होतो.

मी लगेच बाईंच्या खात्यावरचा मोबाइल लावला. तो संपर्क क्षेत्राच्या बाहेर होता.

यावर आमचे रिस्टार्टवादी म्हणतात, रिस्टार्टनं बहुतेक वेळा काम होतं की! होतं ना. म्हणूनच तर मी भांडतोय. काम होतं आणि का अडलं होतं ते कायमचं पुसलं जातं. खून झालेल्या खोलीत पोलिसांनी आधी फरशी पुसून घ्यावी, तसली ही सफाई. त्या दिवशी किल्ली सापडली असती, तर चारही पाहुणे भरल्या ताटावरून उठवले गेले असते, प्रिंटर जागच्या जागी राहिला असता, दुखणंही राहिलं असतं, आणि मग यंत्रच खराब म्हणून नव्या सर्व्हरचा ठराव संचालक मंडळापुढं गेला असता. किल्ली सांगलीला होती म्हणून बँक वाचली.

वीज गेली तर वीज गेली म्हणा, केबल तुटली तर केबल तुटली म्हणा. काही माहीत नसेल तर ‘कन्सोल १०.२० पासून उघडत नाही, व्यवहार चालू आहेत का ते पाहतो आहोत’ अशी पाटी लावा. ही सूचना मी लेखी दिली. मजकूर पाटीवर मावत नाही, असा शेरा मारून ती परत आली. यादीत होस्टचा नंबर लिहायची सूचना मात्र मान्य झाली. तो मीच लिहिला, लाल शाईनं.

गुरुवारी बाई आल्या. ऑपरेशनची तारीख हुकली होती, पुढची तीन आठवड्यांनंतरची मिळाली होती. मी उभा राहिलो आणि का ते सगळं सांगितलं. प्रिंटर, नंबर, यजमान, ओ, काही लपवलं नाही. बाई काळा चष्मा काढून ऐकत होत्या.

“म्हणजे दुसऱ्याची हजेरी लावली की रे त्यानं,” त्या म्हणाल्या. “माझ्या वर्गात दोन सदाशिव होते. एक दांडी मारायचा, दुसरा ‘हजर’ म्हणायचा. मान वर करून बघितलं तेव्हा सापडले. सहा महिन्यांनी.”

मी ठेव मोडून पैसे मोजून दिले. व्याजाचा हिशेब कागदावर दे, म्हणाल्या. प्रिंटरला अजून नवा नंबर मिळाला नव्हता. मी हातानं लिहून दिला. बाईंनी कागद डोळ्याच्या अगदी जवळ नेला, सावकाश वाचला, माझ्याच पेनानं एक ऱ्हस्व वेलांटी दीर्घ केली आणि पर्समध्ये ठेवला.